‘मा.’चे पूर्ण रूप

१९ मे (छापील वार खोडला). सकाळी ७ वाजून ४२ मिनिटे.

राजारामपुरीत आमच्या दुकानाच्या बंद शटरसमोर उभा राहून समोरच्या क्लासच्या पाटीतल्या चुका मोजत होतो. तीन. ‘उज्वल’, ‘तज्ञ’ आणि ‘चालु’. कालही तीनच होत्या. रोज पाचशे मुले या पाटीखालून आत जातात, एकालाही खटकत नाही. हीच मुले मोठी होऊन मतदान करतात. आज मतमोजणी आहे.

डायरी गेल्या वर्षीची, म्हणून वार जुळत नाहीत. उदयसिंहदादांनी वाटली होती. दादा म्हणजे आमच्या भागातले सत्ताधारी पक्षाचे युवा नेते, वय ४६. कव्हरवर दिल्लीच्या नेत्यांचा लहान फोटो आणि दादांचा मोठा.

माझा अंदाज: आहे तेच सरकार राहणार. टीव्हीवाल्यांसारखा हवेतला अंदाज नाही. मी कृष्णाई डिजिटलमध्ये फ्लेक्स बोर्डांचे शुद्धलेखन पाहतो. (बोर्डाच्या कडेला भोके पाडणे, गुंडाळणे, गिऱ्हाइकांना फोन करणे ही कामे तात्पुरती, चार वर्षांपासून.) तीन आठवडे येता-जाता शहरातले प्रचाराचे बोर्ड मोजले. सत्ताधारी ६४, विरोधक ३८. शिवाय विरोधकांच्या बोर्डात दर बोर्डामागे सरासरी दोन चुका जास्त. ज्यांना ‘परिवर्तन’ला रफार कुठे द्यायचा ते कळत नाही, ते परिवर्तन करणार!

सरकार राहिले की रेल्वे प्रवासी सल्लागार समितीवर माझी नेमणूक होणार. दादांनी शब्द दिला आहे. जानेवारीत म्हणाले, “तुझं नाव दिल्लीला गेलंय, सम्मेद.” समितीला पगार नाही, पण नावाखाली एक ओळ येते. ती ओळ ८ जूनच्या आत हवी. ८ जूनला वारणानगरला मुलगी बघायला जायचे आहे. मुलगी आदिती मगदूम. वडील बाबासो, साखर कारखान्यात. ती स्वतः डेअरीच्या प्रयोगशाळेत दुधाची फॅट तपासते, म्हणजे काटेकोर. मला काटेकोरच पाहिजे. याआधीच्या तीन मुलींनी ‘फ्लेक्सच्या दुकानात’ एवढे ऐकूनच चहाचे कप उचलले होते.

मध्यस्थ रत्नामावशीने तिकडे ‘मुलगा रेल्वेत आहे’ असे सांगून ठेवले आहे. हे चूक आहे. योग्य वेळी दुरुस्त करीन.

ठराव १: निकालावरून कोणाशी वाद घालणार नाही.
ठराव २: मोबाईल तासातून एकदाच पाहीन.

१९ मे. सकाळी ९.१०.

मोबाईल सतरा वेळा पाहिला. विरोधक पुढे. ही टपाली मते आहेत, त्यांना काही अर्थ नसतो.

१९ मे. दुपारी १.२५.

अर्थ होता.

आकारामच्या चहाच्या गाड्यावर एका रिक्षावाल्याशी वाद झाला. मी ६४ आणि ३८ हे आकडे दिले. तो म्हणाला, “पावणं, बोर्डाला मत अस्तंय व्हय?” अशा माणसांना मताचा अधिकार आहे. ठराव १ रद्द, परिस्थिती अपवादात्मक असल्यामुळे.

१९ मे. सायंकाळी ५.३०.

सरकार पडले. म्हणजे पाडले. आमच्या घरी सूर्यास्ताआधी जेवतात, त्यामुळे शेवटच्या फेरीच्या आकड्यांबरोबर आमटी खावी लागली. मला याची कल्पना होतीच. मनात बोललो होतो, लिहिले नव्हते इतकेच.

दादांचा फोन बंद. चौदा वेळा.

२० मे. सकाळी १०.००.

शहर पाहून किळस आली.

सकाळपासून ३१ लोकांना विचारले, मत कोणाला दिले. ३१ जणांनी नव्यांना दिले. आपल्या मतदारसंघात हरलेल्याला तीन लाख ऐंशी हजार मते पडली आहेत. ती टाकायला माणसे कुठून आली होती?

आकारामच्या गाड्यावर स्टोव्हच्या मागे जुन्या नेत्यांचा फोटो होता, पाच वर्षे. आज नाही. बाकीचा पत्रा धुराने काळा आणि मधोमध एक स्वच्छ चौकोन. मी नुसते चौकोनाकडे पाहिले. तो म्हणाला, “मी पयल्यापासनं नव्यांचाच की ओ. फोटू काय, तेल उडू न्हाई म्हणून लावलेला.” पाच वर्षे त्याच फोटोला उदबत्ती लावत होता. आता लोक त्या चौकोनात नव्यांचा फोटो कधी लागतो याची वाट पाहत चहा पितात.

आमचे आण्णा (वडील) वेगळे नाहीत. तीस वर्षे एका पेढीवर कारकुनी केली, मालकाने जे म्हटले ते म्हटले. आज म्हणतात, “झालं ते बरं झालं. बदल पायजेच की.” परवा म्हणत होते, घडी मोडायला नको. मी आठवण करून दिली. म्हणाले, जेव.

मी स्वतः मत दिले नाही. मतदार यादीत माझे नाव ‘संमेद’ असे छापले आहे. ते ‘सम्मेद’ होईपर्यंत मी मतदान करणार नाही. तीन निवडणुका झाल्या. त्यामुळे या सगळ्या प्रकाराची जबाबदारी माझ्यावर नाही, हे नोंदवून ठेवतो.

डायरीला खाकी कागदाचे कव्हर घातले. भीतीने नव्हे. कोपरे दुमडत होते.

ठराव ३: दादांना फोन करणार नाही. गरज त्यांना आहे.
(सायंकाळपर्यंत नऊ वेळा. बंद.)

२२ मे. दुपारी ३.१५.

आज तत्त्वासाठी भांडलो.

जुन्या सरकारातल्या एका मंत्र्यांच्या वाढदिवसाच्या बोर्डाची ऑर्डर होती. मजकुरात ‘मा. मंत्री’. आता ‘मा.’ म्हणजे काय? माननीय की माजी? मराठीत दोन्हींना एकच ‘मा.’. चार वर्षे मी हे सांगतो आहे. निवडून आला तरी मा., पडला तरी मा. लोकांना सोयीचे पडते, कारण कोणालाच काही कबूल करावे लागत नाही. मी बोर्डावर पूर्ण रूप घातले: ‘माजी मंत्री’.

वाढदिवसवाले सहा जण दुकानात आले. एक म्हणाला, “अजून शपथविधी न्हाय झाला, आत्तापासनंच माजी? घरात म्हातारं माणूस आजारी असलं तर तू वर्षश्राद्धाचा बोर्ड छापतोस व्हय रं?” मी शांतपणे सांगितले की निकाल लागला आहे. दुसऱ्याने माझी कॉलर धरली. हे व्याकरण.

आमचे मालक कृष्णातभाऊ यांनी त्यांना सरबत पाजले आणि बोर्ड पुन्हा छापून दिला, ‘मा.’ घालून. मला म्हणाले, “लेका, मा. ला मा. ऱ्हाऊ दे की. त्यात समदी बसत्यात.”

सोनमही त्यांच्याच बाजूने. सोनम संगणकावर डिझाइन करते. बी.ए. आहे, तेही मराठीत. मी बारावी (इंग्रजी वगळता). तरीही तिच्या चुका मीच काढतो, आठवड्याला सरासरी दोन. ती म्हणाली, “सम्मेद, तू अक्षरं वाचतोस. कधीतरी वाक्य वाच.” पदवीने माणूस कसा बोलू लागतो, त्याचा हा नमुना.

ठराव ४: शपथविधीनंतर या दुकानातून एकही ‘मा.’ बाहेर जाऊ देणार नाही.

२५ मे. सकाळी ११.२०.

दादा आले. गळ्यात नव्यांचा रंग.

सहा दिवस. माणसाला साधा ताप आला तरी उतरायला सात लागतात. मी त्यांच्याकडे पाहिलेही नाही. कृष्णातभाऊंना सांगत होते, “मी आतनं पयल्यापासनं त्यांचंच काम करत होतो की. हिकडं नुसता ऱ्हायला होतो.” निवडणुकीच्या आधी आम्ही यांचेच जुन्यांच्या प्रचाराचे बारा बोर्ड छापले. तेही बाहेरून असणार. कृष्णातभाऊ म्हणाले, व्हय व्हय, दिसतच होतं. दोघेही हसले नाहीत. इतका निर्लज्जपणा मला आयुष्यात जमणार नाही.

दुपारी १२.०५.

दादा जाताना माझ्याजवळ थांबले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “सम्मेद, तुझं नाव हाय तसंच हाय लिस्टीत. फकस्त लिस्ट बदलली.”

मी दादांबद्दल घाईने मत बनवले होते. बदलत्या काळात जो बदलतो त्याला लोक उगाच नावे ठेवतात. शेवटी काम होणे महत्त्वाचे. (‘महत्त्वाचे’मध्ये दोन त. दादांनी आज आणलेल्या बोर्डाच्या मजकुरात एकच लिहिला होता. दुरुस्त करून दिला, काही बोललो नाही.)

८ जूनला चौदा दिवस आहेत. व्हिजिटिंग कार्डे छापायला टाकली, दोनशे.

सम्मेद चौगुले
मा. सदस्य, रेल्वे प्रवासी सल्लागार समिती

इथे ‘मा.’ ठेवला. कार्ड साडेतीन इंचांचे असते, पूर्ण रूपाला जागा नसते. बोर्डाचे नियम कार्डाला लावणे हा अडाणीपणा आहे. नेमणुकीचे पत्र यायचे आहे, पण कार्ड छापायला तीन दिवस लागतात आणि मी ऐन वेळी धावपळ करणारा माणूस नाही.

सोनमने कार्डाचा मजकूर पाहून विचारले, मा. म्हणजे काय रे? मी मजकूर छपाईवाल्याला पाठवून दिला.

२८ मे. सायंकाळी ६.४५.

शपथविधी दुकानातल्या टीव्हीवर पाहिला. शेजारचा झेरॉक्सवाला, आकाराम, क्लासचे दोन सर, सगळे जमले होते.

गेलेले पहिल्या रांगेत बसले होते. येणाऱ्यांनी खाली उतरून हात मिळवला. गेलेल्यांनी दोन्ही हातांनी धरला. पाच वर्षे एकमेकांना चोर म्हणणारी माणसे! थोडे तरी काही होईल म्हणून आम्ही दोन तास उभे होतो. काही झाले नाही. एक खुर्चीसुद्धा सरकली नाही.

कृष्णातभाऊ म्हणाले, “गल्लीतल्या तालमीचा अध्यक्ष बदलताना डोकी फुटत्यात. हितं एवढा देश हिकडचा तिकडं झाला, कपबशी फुटली न्हाय.” आकारामने चहाचे पैसे घेतले नाहीत. सोनमने डोळे पुसले. बी.ए. असून.

मला खाली पट्टीवर ‘शपथविधि’ दिसत होते. दोन तास. ऱ्हस्व. चॅनेलला फोन केला, उचलला नाही.

आता कोणीही म्हणू शकत नाही की शपथविधी झाला नाही. ठराव ४ लागू.

३० मे. दुपारी १.००.

नियमावली भिंतीवर लावली.

या आठवड्यातल्या सगळ्या ऑर्डरी हरलेल्यांच्या. ‘मतदारांचे जाहीर आभार’ असे बोर्ड. यांना मते न दिल्याबद्दल हे आभार मानतात. प्रत्येकात ‘मा. खासदार’, ‘मा. मंत्री’, ‘मा. सभापती’. हाताने किती दुरुस्त करणार? संगणकात सेटिंग करून घेतले. ‘मा.’ टाइप करून पुढचा शब्द लिहिला की आपोआप ‘माजी’ उमटते. आभाराच्या एकवीस बोर्डांत एकही चूक नाही. यांना आरशात पाहायची सवय लागली पाहिजे.

जिंकलेल्यांसाठी ‘माननीय’ पूर्ण टाइप करायचे, हा पोटनियम. सोनमला समजावून सांगितला. ती म्हणाली, आणि विसरलं तर? मी म्हणालो, मी विसरत नाही.

३ जून. सायंकाळी ४.३०.

आयुष्यातली सगळ्यात मोठी ऑर्डर.

नवे केंद्रीय राज्यमंत्री उद्या कोल्हापुरात येणार. कावळा नाक्यावर स्वागत. दादांचा बोर्ड, चाळीस फूट बाय वीस फूट. साहेबांचा फोटो मध्ये, दादांचा उजवीकडे आणि बाकीचे चौदा खाली टिकल्यांसारखे. दादा म्हणाले, साहेबांसमोर बोर्डाखालीच तुझी ओळख करून देतो, पत्र जागेवर घेऊ. म्हणजे ८ जूनच्या चार दिवस आधी. सगळे बरोबर जुळले.

सोनम परीक्षेसाठी रजेवर. बाहेरून डिझायनर बोलवू का, असे कृष्णातभाऊंनी विचारले. मी म्हणालो, संगणक मला येतो. मजकूर दादांनी व्हॉट्सअॅपवर पाठवला होता. लोक तो कॉपी-पेस्ट करतात, चुकांसकट. मी एकेक अक्षर स्वतः टाइप केले. ‘मा. केंद्रीय राज्यमंत्री साहेबांचे करवीरनगरीत सहर्ष स्वागत’. दादांच्या मजकुरात चार चुका होत्या. ‘स्वागतोत्सूक’चा ऱ्हस्व केला. ‘करविर’चा दीर्घ केला. ‘सहर्श’चा पोटफोड्या ष केला. ‘केंद्रिय’ दुरुस्त केले. मग उलटीकडून, शेवटच्या अक्षरापासून पहिल्यापर्यंत, पुन्हा तपासले. उलटे वाचले की डोळा शब्दाच्या अर्थात अडकत नाही. ही माझी स्वतःची पद्धत आहे.

दादांना नमुना पाठवला. त्यांनी दोन मिनिटांत उत्तर दिले, “माझा फोटू आनि थोडा मोठा.” तो मोठा केला. अंगठा आला.

शुद्धलेखनाच्या दृष्टीने बोर्ड निर्दोष. तसे खाली कोपऱ्यात सहीसारखे बारीक लिहावे असे वाटले. संयम ठेवला.

४ जून. सकाळी ८.१५.

पांढरा शर्ट. खिशात पाच कार्डे. कावळा नाक्यावर बोर्ड लागला आहे. खालून पाहिला. ‘सहर्ष’चा ष काय दिसतो!

हलगी, फुलांनी भरलेले दोन जेसीबी आणि अंदाजे तीनशे माणसे. त्यातली निम्मी गेल्या वर्षी याच चौकात जुन्यांसाठी नाचली होती. मी त्यांना ओळखतो. ती मला ओळखत नाहीत, हे बरे.

४ जून. दुपारी २.४०.

घडले ते क्रमाने लिहितो. माझ्यावर अन्याय झाला असल्यास तो नंतर वाचताना दिसेल.

९.५० ला गाड्या आल्या. जेसीबीने फुले ओतली. साहेब वर पाहत हात जोडत उतरले. तसेच वर पाहत राहिले. हलगी आपोआप थांबली. मग साहेब मोठ्याने म्हणाले, “काय ओ उदयसिंह, सातच दिसांत माजी केलंसा व्हय मला?”

मी बोर्डाकडे पाहिले. सुलट वाचला. पहिल्यांदा.

‘माजी केंद्रीय राज्यमंत्री साहेबांचे करवीरनगरीत सहर्ष स्वागत.’

साहेब हसले, हे माझ्या बाजूने नोंदवतो. त्यामुळे तीनशे माणसांना हसायला परवानगी मिळाली. दहा मिनिटांत हरलेल्या पक्षाचे लोक मोटारसायकलींवरून आले, बोर्डाखाली उभे राहून सेल्फी काढू लागले आणि नारळ फोडून गेले. त्यांनी बोर्डाला हार घातला. एकाने मला विचारले, “ह्यो बोर्ड छापणारा कोण ओ? त्याचा सत्कार करायचाय.” त्या गर्दीत, त्या दिवशी, मला शोधणारा तेवढा एकच माणूस होता. मी आकारामचे नाव सांगितले आणि निघालो.

तरी एक गोष्ट स्पष्ट करतो. ‘माजी’ हा शब्द शुद्ध आहे. जी दीर्घच.

५ जून. सकाळी ११.००.

दादा दुकानात आले. मी यंत्रामागे होतो, शाई तपासत. बराच वेळ तपासली. ते आधी पाणी प्याले. मग कृष्णातभाऊंना म्हणाले, “साहेब आता मला फोनवर ‘बोला माजी उदयसिंह’ म्हणत्यात! सहा दिवसांत हिकडं आलो, धा दिवसांत घरी घालवला ह्या पोरानं!” मग यंत्राकडे तोंड करून ओरडले, “आणि तुझं नाव लिस्टीतनं काढलंय रं, सम्मेद!”

म्हणजे नाव यादीत होते. हे आज त्यांच्याच तोंडून सिद्ध झाले. जानेवारीपासून मला शंका होती. सहा माणसांसमोर ते कबूल करून गेले.

कृष्णातभाऊ ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर उत्तर देता आले असते. बोर्डाचे पैसे पगारातून हप्त्याने कापू म्हणाले आणि मला पुढचे सहा महिने फक्त भोके पाडायला सांगितले. सोनमने परत आल्यावर संगणकातले ते सेटिंग काढले. मग पुढची ऑर्डर उघडली. मी तिच्या टोमण्याची वाट पाहत होतो.

डायरीचे खाकी कव्हर कोपऱ्यात फाटले आहे. आतून दादा हसताना दिसतात.

ठराव ५: यापुढे ठराव नाही.

८ जून. सायंकाळी ५.५०. वारणानगरहून परतीची एसटी, खिडकीची जागा.

बाबासोंचे घर कारखान्याच्या कॉलनीत. बाहेर तुळस, आत सगळे जागच्या जागी. आदिती पोहे घेऊन आली. पोह्यांत शेंगदाणे प्रत्येक बशीत सारखे होते. मी मोजले नाहीत, पण लक्षात आले.

ती समोर बसली. मला विचारले, फॅट मोजताना एका थेंबाचा फरक पडतो, तुमच्याकडे काना-मात्रेचा पडतो का? मी सांगितले, पडतो. तिने मान हलवली. तेवढ्या वेळात मी लग्नपत्रिकेचा मजकूरही मनात तपासून घेतला.

मग बाबासो म्हणाले, “रत्नाबाई म्हणल्या, तुमी रेल्वेत हायसा.” योग्य वेळ आली होती. मी म्हणालो, रेल्वेत नाही, रेल्वेच्या समितीत. आणि पुरावा म्हणून कार्ड दिले.

त्यांनी चष्मा लावून वाचले. कोल्हापुरात चार वर्षांत माझे एक अक्षर कोणी एवढ्या सावकाश वाचले नव्हते. मग बोट ठेवून विचारले, “मा. म्हंजे काय ओ, पावणं?”

माननीय म्हणालो असतो तर स्वतःच स्वतःला माननीय म्हणवणारा ठरलो असतो. आणि माझे नाव यादीत होते, आता नाही. नियमाप्रमाणे उत्तर एकच निघत होते. मी म्हणालो, माजी.

“एवढ्या वयात माजी?” बाबासो म्हणाले. “मग समितीवर कवा होतासा?”

मी जानेवारी ते मे असे म्हणणार होतो. तेवढ्यात आदितीने मोबाईल पुढे केला. कावळा नाक्याचा बोर्ड. हारासकट. हळू आवाजात विचारले, “हा तुमच्याच दुकानातला ना?”

बाबासो आधी हसले नाहीत. बोर्ड पाहिला, कार्ड पाहिले, पुन्हा बोर्ड पाहिला. मग आतून तिची आई हसली आणि सगळे घर हसू लागले. पाळण्यातले शेजारचे मूलही. मी हसलो, कारण न हसणारा मी एकटाच उरलो होतो.

आदिती मात्र म्हणाली, “बाकी एकही चूक नाही हं बोर्डात. मी दोनदा वाचला.”

दोनदा. बोर्ड लोक चालत्या गाडीवरून पाहतात.

निघताना बाबासो फाटकापर्यंत आले. फार सभ्य माणूस.

८ जून. सायंकाळी ६.३५. स्टँड.

रत्नामावशीने आदितीचा मेसेज पुढे पाठवला: “मुलगा व्यवस्थित आहे, पण तूर्त लग्नाचा विचार नाही. क्षमस्व.”

चार वेळा वाचला. दोनदा सुलट, दोनदा उलट. ‘व्यवस्थित’ बरोबर. ‘तूर्त’चा तू दीर्घ, जो क्लासच्या सरांनाही येत नाही. ‘क्षमस्व’ बरोबर. पूर्णविराम जागच्या जागी.

एकही चूक नाही.

हिशेब.
बोर्ड, ८०० चौरस फूट, दर १२ रुपये: ९,६००. कृष्णातभाऊंना देणे, दरमहा १,६०० प्रमाणे सहा महिने.
शर्टाची इस्त्री: १०.
एसटी, जाऊन-येऊन: ११०.
पेढे, अर्धा किलो: २४०. (परत आणता येत नाहीत.)
कार्डे, नग २००: ४००. छपाईवाल्याला १५० दिले, २५० देणे.
वाटलेली कार्डे: १. ते बाबासोंनी फाटकापाशी परत दिले. म्हणाले, “ऱ्हाऊ द्या पावणं, तुमाला लागंल.”
शिल्लक कार्डे: २००.